हयातीतले आश

सोमवार, ३ सप्टेंबर २००७

हवा निरभ्र. वारा पश्चिमेकडून, मंद. सरोवर शांत. प्रकृती चांगली.

आज कासिमकुल दुकानदाराला मूठमाती देण्यात आली. वय एकाहत्तर. हा मनुष्य तीस वर्षे रॉकेलमध्ये पाणी मिसळत असे. सर्व गावाला हे ठाऊक होते आणि गावाला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. जनाज्याची नमाज झाल्यावर गावच्या मुल्लाने, जुमाबाय मोल्दोने, रिवाजाप्रमाणे आमच्याकडे वळून तीन वेळा विचारले, "लोकहो, हा माणूस कसा होता?" तिन्ही वेळा शंभरावर पुरुषांनी उत्तर दिले, "चांगला होता." मीही दिले.

परत येताना ओस्कोनबाय सोबत होता. आम्ही एकाच वर्षी जन्मलो असल्याने माझी टिंगल करण्याचा त्याला हक्क आहे, आणि तो हक्क त्याने एक दिवसही वाया घालवलेला नाही.

"काय अ‍ॅडमिरल, तोंड का कडू?"

"खोटे बोललो."

"मग काय, मढ्याला सांगणार होतास, तुझ्या रॉकेलनं माझा स्टोव्ह फुरफुरायचा म्हणून? तुझ्या वेळेलाही असंच बोलू. काळजी करू नकोस."

"माझ्या वेळेला खोटे बोलण्याची गरज पडणार नाही."

"पडली काय न् नाही काय, तुला कुठं ऐकू येणारे?"

तो हसला, मी हसलो नाही. घरी येऊन या मुद्द्याचा विचार केला. मनुष्य गेल्यावर वर्षाने त्याच्या नावाचे आश घातले जाते. घोडा कापतात, गाव जेवते, त्याच्या आयुष्याचे स्मरण होते. ज्याचे स्मरण व्हायचे, तो मात्र तोवर वर्षभर मातीखाली असतो. ही व्यवस्था मला सदोष वाटते. कफनातल्या माणसाबद्दल सगळे चांगलेच बोलतात, त्यामुळे कासिमकुल आणि मी यांत फरक उरत नाही.

मी शार्शेन किदिरोव, निवृत्त मिचमन, सोव्हिएत नौदल. सेवा सत्तावीस वर्षे चार महिने. वीस वर्षे बाल्टिक समुद्रात, उरलेली याच सरोवरावरच्या टॉर्पेडो चाचणी केंद्रात. शिक्षण चौथी. पुढे युद्ध आले, वडील गेले आणि मेंढरे माझ्याकडे आली. असे असता मी मिचमन झालो. खलाशांच्या वर आणि अधिकाऱ्यांच्या खाली जी एकच पायरी असते, तिच्यावर उभे राहणे सर्वांत कठीण असते.

मी कुटुंबवत्सल मनुष्य आहे. हे मला माझ्या कानांनी ऐकायचे आहे, आणि सर्वांत प्रथम माझ्या मुलाच्या, मेलिसच्या तोंडून. म्हणून निर्णय केला आहे. माझे आश माझ्या हयातीत घातले जाईल.

बुधवार, ५ सप्टेंबर

हवा निरभ्र. सरोवरावर किंचित लाटा.

निर्णय बायकोला, बात्माला, सांगितला. ती अंगणात सफरचंदाच्या फोडी वाळत घालत होती.

"जिवंतपणी आश?" ती म्हणाली. "निपुत्रिक माणूस घालतो ते, मेलिसचे बाबा. ज्याच्यामागं घालणारं कुणी नाही, तो. तुम्हाला मुलगा आहे."

"ती अडाणी लोकांची समजूत आहे."

"आणि एकदा घातलं की झालं. दुसऱ्यांदा घालत नाहीत."

"दुसऱ्यांदा कशाला हवे? मी काय दोनदा मरणार आहे?"

ती पुन्हा फोडींकडे वळली. एकेक फोड उलटी करत राहिली.

बात्मा सातवी पास आहे, परंतु तिने ही गोष्ट माझ्यापुढे कधी काढलेली नाही. बावन्न वर्षांच्या संसारात तिने माझे नाव एकदाही घेतलेले नाही. सासरच्या पुरुषांची नावे न घेण्याचा आमच्या बायकांचा जुना नेम तिने काटेकोरपणे पाळला. तिच्या वर्तनाला मी पाचपैकी चार गुण देतो. पाच मी कोणालाच देत नाही.

मोल्दोकडेही जाऊन आलो. वडीलधाऱ्यांना तो आक्साकाल म्हणतो. तो डोके खाजवू लागला.

"आक्साकाल, जिवंत माणसाबद्दल हे विचारत नाहीत. मेलेला वर जातो, त्याच्यासोबत आपली साक्ष जावी म्हणून विचारायचं. तुम्ही तर समोर बसलेले असणार."

"समोर बसलेला असणार म्हणूनच विचारायचे."

"लोकांची पंचाईत होईल हो."

"ज्याला पंचाईत वाटेल त्याने येऊ नये."

रमजान तोंडावर आहे. तो संपल्यावर, शनिवार, २० ऑक्टोबर ही तारीख ठरली. संध्याकाळी मी संपूर्ण विधीची बारा कलमे मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूस लावली. खाली सही केली.

मंगळवार, ११ सप्टेंबर

ढगाळ. पहाटे थोडा पाऊस.

कलम दोन असे आहे की विधवेने काळे वस्त्र परिधान करावे. वर्षभराची मुदत आता शक्य नाही, म्हणून चाळीस दिवस ठरवले. ते आजपासून मोजले तर बरोबर विसाव्या तारखेस पूर्ण होतात. बात्मा वाद घालील अशी अपेक्षा होती. तिने मात्र काळे कापड आधीच आणून शिवून ठेवले होते.

सकाळी ते घालून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने एवढेच विचारले, "कलम बारासुद्धा करायचं ना? काळं उतरवून पांढरा रुमाल बांधायचं?"

"अर्थात. तो रुमाल गुलसून बांधील." गुलसून ही आमची मुलगी, कराकोल शहरात शाळेत शिकवते.

"अर्धवट नाही ना सोडायचं?"

"एकही कलम गाळले जाणार नाही."

"बरं," ती म्हणाली.

माझ्या कोणत्याही प्रस्तावाला तिने इतक्या लवकर संमती दिल्याचे स्मरत नाही. काळा रंग तिला शोभतो.

शनिवार, २२ सप्टेंबर

वारा जोराचा, पूर्वेकडून. सरोवर खवळलेले.

मेलिस आला. वय एकोणपन्नास, किनाऱ्यावरच्या आरोग्यधामात वीजतंत्री. बसला नाही. आईला काळ्या वस्त्रात पाहून तो उंबरठ्यावरच थांबला, मग बाहेर येऊन माझ्याशी बोलला.

"बाजारात मला लोक काय विचारतात माहितेय? 'मेलिस, तू कधी गेलास रे? कळलंच नाही.' हसतात सगळे. बाप स्वतःचं आश घालतोय म्हणजे पोरगा मेला तरी असणार, नाहीतर नालायक तरी."

"लोकांच्या हसण्यावर नौका चालत नाही."

"नौका कुठंय, बाबा? तीस वर्षं झाली."

मी या प्रश्नाची दखल घेतली नाही. त्याची जागा समजावून सांगितली. त्याने माझ्या उजव्या हाताला उभे राहायचे आणि मोल्दोने विचारताच प्रथम उत्तर द्यायचे.

"काय म्हणायचं तेपण लिहून देणार?"

"लिहून देण्याची आवश्यकता मला वाटत नाही."

तो बराच वेळ दारावरच्या घंटेकडे पाहत होता. ही पितळी घंटा एका मोडीत काढलेल्या टॉर्पेडो नौकेची आहे. निवृत्त होताना केंद्राने मला भेट दिली. त्यापूर्वी वर्षाकाठी तीस दिवसांच्या रजेवर येत असे तेव्हा शिटी वापरत असे. सात वाजता शिटी, मग मुले रांगेत. नखे, कान, अंथरुणाची घडी. प्रत्येकाचे एक गुणपत्रक. तीनपेक्षा कमी गुण मिळाल्यास त्या दिवशी दुपारचे जेवण नाही. इतर बाप रजेत पडून राहतात आणि दारू पितात. मी तीसपैकी तीस दिवस मुलांना दिले.

"अजून वाजवता?" त्याने विचारले.

"रोज. सात वाजता."

"कुणासाठी?"

"वेळेसाठी."

तो गेला. येतो किंवा येत नाही, असे काही म्हणाला नाही. मेलिस लहानपणीही रांगेत उभा राहिला की खाली पाहत असे. मान वर करण्याबद्दल त्याला अनेकदा सूचना दिलेली आहे.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

हवा थंड. डोंगरांवर पहिला बर्फ. उजव्या गुडघ्यात कळ.

कलम सात, म्हणजे जीवनाचे स्मरण. पदके आणि छायाचित्रे आहेत, पण ती सर्व नौदलाची. कौटुंबिक बाजूचा पुरावा हवा. मला पत्रांची आठवण झाली.

नौदलात असताना मी बात्माला दरमहा एक अहवाल पाठवण्यास सांगितले होते. क्रम ठरलेला होता: तारीख, हवा, साठा, प्रत्येकाचे आरोग्य, घटना. अहवाल आला की मी लाल पेन्सिलीने शेरा आणि गुण देऊन तो परत पाठवत असे, म्हणजे तिला पुढच्या वेळी सुधारणा करता यावी. पंधरा वर्षांत एकही अहवाल मी न तपासता ठेवला नाही. आमच्या नौकेवर असे खलाशी होते ज्यांनी बायकोची पत्रे उघडलीसुद्धा नाहीत.

अपत्यांची नोंद येथे करून ठेवतो. मेलिस, १९५८. तोक्तोसून, १९६० ते १९६३. गुलसून, १९६६.

तोक्तोसून गोवराने गेला. मी त्या वेळी बंदरात होतो. महिन्याभराने ताफ्याची तपासणी होती. रजा मागितली असती तर मिळाली असती, परंतु बोत्समनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमानेच, तपासणीच्या तोंडावर रजा मागणे योग्य नव्हते. उन्हाळ्यात नेहमीच्या रजेवर आलो तेव्हा घरात त्याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून मीही बोललो नाही. बात्माने त्याच्यासाठी रिवाजाचे रडगाणे गायले होते की नाही, ठाऊक नाही. माझी आई तेव्हा हयात होती आणि लहान मुलासाठी मोठ्याने रडणे तिला पसंत नव्हते. त्या महिन्याच्या अहवालाला मी दोन गुण दिले होते असे वाटते. कारण आठवत नाही.

बात्माने पेटीच्या तळातून पुडके काढून दिले. दोरा काळा होता.

"आधी एकदा वाचून बघा," ती म्हणाली.

"माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पेन्सिलीचे अक्षर दिसत नाही. शिवाय माझेच शेरे मी काय वाचायचे?"

"मग मेलिसला वाचायला सांगा. सगळ्यांसमोर."

सूचना उत्तम होती. तिने पुडके परत घेतले, कागद मागेपुढे करून एक अगदी वर ठेवला, आणि दोरा पुन्हा बांधला.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

निरभ्र, थंड. वारा नाही.

आश म्हटले की विधवेचे रडगाणे हवेच. पाहुणे येत असता तिने यर्टमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, भिंतीकडे तोंड करून, गेलेल्याची स्तुती गायची असते. बात्मा सराव करते की नाही याची मला शंका होती. आज गोठ्यामागून आवाज आला. थांबून ऐकले. तिचा आवाज इतका चांगला आहे हे मला माहीत नव्हते.

तिचे शब्द मी नंतर आठवून लिहिले:

"माझं कोकरू, माझं कोकरू,
बर्फानं वाट बुजली.
पांढरा सदरा, लांब बाह्या,
मूठ आतच निजली."

ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. मात्र दोन दोष होते. मिचमनला कोकरू म्हणणे पदाला शोभत नाही. दुसरे असे की माझ्या उन्हाळी गणवेशाच्या बाह्या नेहमी मापाच्या असत, कधीही लांब नव्हत्या. मी पुढे होऊन तिला दोन्ही दुरुस्त्या सांगितल्या. कोकराऐवजी गरुड म्हणावे.

ती दचकली. मग तिने काळ्या बाहीने तोंड पुसले.

"गरुड चालीत बसत नाही," ती म्हणाली.

"बसव."

"चव्वेचाळीस वर्षांची चाल आहे ही. नाही बसणार."

ती सराव इतक्या आधीपासून करत असेल असे मला वाटले नव्हते.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

हवा कोरडी. उद्यासाठी अनुकूल.

यर्ट अंगणात उभारला. घोडा आणला, तपकिरी, सहा वर्षांचा, दात पाहिले. गणवेशाला इस्त्री केली, बटणे घासली. गुलसून नवऱ्याच्या गाडीतून आली. तिने पांढरा रुमाल आणला आहे, लोकरीचा, कोरा. आईसाठी एक मोठी बॅगही आणली आहे, रिकामी. विचारले तर म्हणाली, "लागेल."

ओस्कोनबाय कढया घेऊन आला.

"अ‍ॅडमिरल, उद्या मी रडायचं का हसायचं? घरच्यांना विचारून आलो नाही."

"उद्या तू खरे बोलायचे."

तो कढई खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. "शार्शेन," तो म्हणाला, "अजून घोडा उभा आहे. कुणाच्या तरी पोराचं बारसं म्हणून खाऊन टाकू त्याला. लोक समजून घेतील."

मी त्याला कढया कोठे ठेवायच्या ते दाखवले.

रविवार, २१ ऑक्टोबर

हवा निरभ्र. वारा मंद. सरोवर शांत.

कालचा वृत्तान्त क्रमाने लिहितो.

उपस्थिती एकशे छत्तीस. सात वाजता घंटा देऊन आरंभ. मी पूर्ण गणवेशात, पदकांसह, सफरचंदाच्या झाडाखाली मुख्य जागी बसलो. बात्मा यर्टमध्ये, पाठ दाराकडे. मेलिस दहा वाजता आला आणि माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. मला समाधान वाटले.

एक ते सहा कलमे बिनचूक पार पडली. सातव्या कलमाला मी मेलिसच्या हाती पुडके दिले.

"कुठलं वाचू?"

"वरून आरंभ कर. क्रमाने."

त्याने दोरा सोडला, वरचा कागद उघडला, मग त्याखालचे दोन-चार चाळले.

"बाबा, यात तुमचं एकही पत्र नाही. सगळी आईची आहेत. तुमचं फक्त लाल अक्षर आहे, तळाला."

"तेच वाच."

त्याने वाचले. मला प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला, कारण माझे कान उत्तम आहेत.

"तारीख, १७ फेब्रुवारी १९६३. हवा, बर्फ. साठा, पीठ दीड पोतं, कोळसा चार दिवसांचा. आरोग्य, आई बऱ्या आहेत, मेलिस बरा आहे. घटना, तोक्तोसून सहा तारखेला गोवरात गेला. वाट बंद होती, डॉक्टर येऊ शकला नाही. वाट बंद म्हणून हे पत्रही आज निघतंय. कफनाला कापड मिळालं नाही, म्हणून तुमच्या पांढऱ्या उन्हाळी सदऱ्यात गुंडाळलं. रजा मिळाली तर या. एकदा या."

मेलिस थांबला. मी त्याला पुढे वाचण्याची खूण केली. त्याने लाल अक्षर वाचले.

"दोन गुण. घटना अकरा दिवस उशिरा कळवली. मृत्यूची वेळ नमूद नाही. गणवेश सरकारी मालमत्ता आहे, वापरण्यापूर्वी परवानगी घ्यावी."

चहाचा समोवर उकळत होता, त्याचा आवाज येत होता. मला असे स्पष्ट करायचे होते की शेरा त्या काळच्या नियमांना धरून होता आणि गणवेशाची किंमत मी स्वतः भरली, तिच्यावर टाकली नाही. परंतु कलम आठ मोल्दोचे होते आणि क्रम मोडणे बरे नव्हे.

मोल्दो उठला. त्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली.

"लोकहो, हा माणूस कसा आहे?"

कोणी बोलले नाही. मी मेलिसकडे पाहिले. तो खाली पाहत नव्हता. प्रथमच त्याने मान वर केलेली होती, आणि तो सरळ माझ्याकडे पाहत होता.

"लोकहो, हा माणूस कसा आहे?"

मागून ओस्कोनबायचा आवाज आला, फार हळू. "वेळेचा पक्का."

मोल्दोने तिसऱ्यांदा विचारण्यास तोंड उघडले, तेवढ्यात यर्टमधून बात्माने गायला सुरुवात केली. तिने दुरुस्त्या केलेल्या नव्हत्या. कोकरूच होते. लांब बाह्याही होत्या, आणि पुढच्या ओळीत तोक्तोसूनचे नाव होते. बायकांनी एकामागून एक तिच्या सुरात सूर मिसळला. मग पुरुषही रडू लागले, मोल्दोसुद्धा. माझ्या आशला, माझ्या घोड्याच्या जेवणाला, एकशे छत्तीस लोक एका तीन वर्षांच्या मुलासाठी रडले.

मोल्दोने तिसऱ्यांदा विचारले नाही. हे एक कलम अपूर्ण राहिले.

बाकीचे पार पडले. मांस उत्तम शिजले होते, तक्रार आली नाही. शेवटी कलम बारा. गुलसूनने आईचे काळे उतरवले आणि पांढरा रुमाल बांधला. बायका तिला म्हणाल्या, "पांढरं लाभो." बात्मा यर्टमधून बाहेर आली. उन्हात तिचा चेहरा मला अनोळखी वाटला.

पाहुणे गेल्यावर मेलिसने मला बाजूला घेतले.

"एक सांगून ठेवतो. तुमचं आश झालं. गाव जेवून गेलं. आता तुमच्या नावानं मी घोडा कापणार नाही."

"आणि जनाजा?"

"येईन की. मोल्दो विचारेल, आणि मी म्हणेन, चांगला होता. मोठ्यानं म्हणेन." त्याने टोपी घातली. "तेव्हा तुम्हाला ऐकू येणार नाही."

सोमवार, २२ ऑक्टोबर

ढगाळ. वारा वायव्येकडून, वाढता.

सात वाजता घंटा दिली. बात्मा बॅग घेऊन फाटकाशी उभी होती. गुलसून गाडीत बसलेली.

"कुठे निघालीस?"

"कराकोलला. लेकीकडं."

"परत कधी?"

"आश झालं की बाईचं सुतक फिटतं, मेलिसचे बाबा. पांढरं बांधलं की तिनं कुठल्या लेकराकडं राहायचं ते तिचं ती ठरवते. रीतच आहे."

"ती रीत विधवेची आहे. मी जिवंत आहे."

"कलम बारा तुम्हीच लिहिलंत. दारावर लावलंत. मी विचारलं होतं, अर्धवट नाही ना सोडायचं?"

मी माघारी जाऊन दारावरचा कागद वाचला. अक्षरे मोठी होती, दिसली. सही माझीच होती. त्यात दुरुस्तीला वाव नव्हता. परत आलो तेव्हा ती गाडीत बसली होती. तिने काच खाली केली.

"शार्शेन," ती म्हणाली, "पीठ मोठ्या डब्यात आहे. रात्री चुलीचं झाकण लावून झोप."

बावन्न वर्षांत तिने प्रथमच माझे नाव घेतले. उच्चार स्वच्छ होता. ज्या आवाजात आपण शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलतो, तो आवाज होता. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी सावधान स्थितीत उभा राहिलो, कारण दुसरे काय करायचे ते मला सुचले नाही.

गुरुवार, १ नोव्हेंबर

बर्फ, बोटभर. सरोवर करडे.

ओस्कोनबाय आता टिंगल करत नाही. काल रस्त्यात मला पाहून त्याने टोपी काढली आणि तो बाजूला उभा राहिला, जनाजा जाताना राहतात तसा. मी म्हणालो, काहीतरी बोल. तो म्हणाला, "काय बोलू, आक्साकाल?" सत्याहत्तर वर्षांत त्याने मला आक्साकाल म्हटले नव्हते.

आज मी बात्माला कराकोलच्या पत्त्यावर अहवाल पाठवला. तारीख. हवा. साठा: पीठ अर्धा डबा, कोळसा पुरेसा. आरोग्य: गुडघा. घटना: नाही. सर्व ठरलेल्या क्रमाने लिहिले आणि खाली गुणांसाठी जागा सोडली. तिच्याकडे लाल पेन्सिल नसेल म्हणून माझी पाकिटात घातली.

शेवटी एक वाक्य जास्त लिहिले: "तोक्तोसून किती वाजता गेला, ते कृपया कळवावे." त्याच्यापुढे वेळेची जागा सोडली. हे वाक्य लिहिण्यास दुपार गेली.

शनिवार, १७ नोव्हेंबर

बर्फ. वाट अद्याप उघडी आहे.

अहवाल परत आला. मेलिसने फाटकावरून हात लांबवून दिला आणि तो आत न येता गेला. पाकीट उघडलेले आहे. कागदाची घडी माझी दुहेरी होती; आता ती तिहेरी आहे, बात्मा घालते तशी. म्हणजे तिने वाचले. पेन्सिलही परत आली आहे. टोक तसेच आहे.

मी चष्मा लावून पाहिले. मग भिंग आणून खिडकीशी नेऊन, पुढून आणि मागून, पुन्हा पाहिले.

गुण दिलेला नाही. दोनसुद्धा नाही. वेळेसाठी सोडलेली जागा रिकामी आहे.